ढगाचं वजन



गेल्या महिन्यात मंदिरात दोघी-तिघींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमच्याकडे कुत्रा? तोही वासराएवढा? आणि त्याच्या खाण्याचं काय?" उभ्या-उभ्या सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून आज लिहायला बसले.

हो, आहे. ग्रेट डेन. नावात डेन असलं तरी ही जात मूळची जर्मनीची. खांद्यापाशी अडीच फूट उंच, रंग पावसाळी आभाळासारखा करडा, म्हणून नाव ढग. (धाकट्या दिरांनी 'बाहुबली' सुचवलं होतं. सासूबाईंनी नुसतं वर बघितलं, विषय संपला.) यजमानांच्या ओळखीतलं एक कुटुंब सांगली सोडून लहान फ्लॅटमध्ये राहायला निघालं होतं. तीन वर्षांच्या या कुत्र्याला कोणी घेत नव्हतं. या जातीचं आयुष्यच सात ते दहा वर्षांचं, त्यामुळे लोक आणखीच मागे सरतात.

मला कुत्रा नको होता. घरातलं काम कोणाच्या वाट्याला येतं हे तुम्हाला सांगायला नको. हट्ट लेकीचा होता, आणि ती कधीच हट्ट करत नाही, म्हणून सगळे थांबून ऐकायला लागले.

लेक सहावीत. बुद्धीने फार तल्लख. दुकानाचा हिशेब कॅल्क्युलेटरच्या आधी सांगते. पेपरात पैकीच्या पैकी, पण वर्गात तोंड उघडत नाही. उत्तर येत असतं, तरी हात वर होत नाही. "चुकलं तर?" वहीत एक अक्षर वाकडं आलं की पान फाडून पुन्हा पहिल्यापासून. पाठशाळेत सगळ्यांत जास्त गाथा तिला पाठ, आणि म्हणायची वेळ आली की पोटात दुखतं. नातेवाईक म्हणायचे, लाजाळू आहे, मोठी झाली की सुटेल. मला ते लाजणं वाटत नव्हतं. ज्यांना सगळं पहिल्या फटक्यात येतं त्यांना चुकून पुन्हा करायची सवयच लागत नाही, असं माझं मत.

तर ढगाला आणायचं की नाही, यावर रविवारी दुपारी बैठक बसली. सासूबाईंचा स्वाध्याय रोजचा. त्या म्हणाल्या, "कार्तिकेयानुप्रेक्षेत मांजरासारखे हिंस्र जीव पाळणं हिंसादानात धरलंय. आणि मांस या उंबऱ्याच्या आत येणार नाही." यात चूक काहीच नव्हती. यजमानांनी मधला मार्ग काढला, तो शाकाहारी राहील. मग सासूबाईंनाच भगवान महावीरांचा पूर्वभव आठवला, सिंहाचा. चारणमुनींचा उपदेश ऐकून त्या सिंहाने मांस सोडलं होतं. सिंहाला जमलं तर कुत्र्याला का नाही?

तेव्हा कोपऱ्यातून लेक बोलली. "आज्जी, सिंहाने स्वतः सोडलं. ढगाला आपण सोडायला लावणार. तो अशक्त झाला तर ती हिंसा कोणाची?"

सगळे गप्प. सासूबाई बराच वेळ जपमाळ हातात धरून बसल्या, मग म्हणाल्या, "डॉक्टरांना विचारा."

जनावरांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मांजराला मांसाशिवाय जगता येत नाही, पण कुत्र्याला नीट आखलेला शाकाहार चालतो. माणसासोबत हजारो वर्षं राहून त्याला धान्य पचवता येतं. फक्त नुसती भाकरी-ताक घालून भागणार नाही, प्रथिनं मोजून द्यायची. बदल हळूहळू करायचा, वजनावर लक्ष ठेवायचं, रक्त तपासायचं. जुन्या मालकांनाच विनंती केली, त्यांनी त्यांच्याकडे असतानाच जुनं खाणं कमी करत नवं सुरू केलं. आणि घरात एक गोष्ट ठरली, ती लेकीनेच लिहून घेतली: त्याचं वजन घसरत राहिलं तर आपण हट्ट धरायचा नाही. त्याला मानवेल ते मिळेल असं दुसरं घर शोधायचं, रडायचं नाही.

डॉक्टरांनी कुत्र्याला विषारी असलेल्या पदार्थांची यादीही दिली. पहिले दोन कांदा आणि लसूण. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आपल्यातलाच आहे की!" पुढची नावं मात्र आमच्या घराला जड गेली: द्राक्षं आणि बेदाणे. यजमानांचं मार्केट यार्डात अडत दुकान, सदऱ्याच्या खिशात कायम नमुन्याचे बेदाणे. आता घरात शिरायच्या आधी खिसे झाडावे लागतात.

बाकीचं बसत गेलं. दुसरं जेवण साडेपाचला, सूर्यास्ताच्या आत. जेवल्यावर तासभर पळापळ नाही, कारण या मोठ्या जातीत पोट फुगून पीळ पडतो आणि तो जिवावर बेततो. भांडी वेगळी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला बंदी. महाराजांच्या आहारासाठी चौका लागतो त्या दिवशी ढग दुकानाच्या गोदामात.

छप्पन्न किलोचा हा गडी लेकीच्या जवळजवळ दुप्पट. दोरी धरून त्याला आवरणं तिला शक्यच नाही. दोरी बाबांच्या हातात आणि हुकूम तिचा, असं ठरलं. पहिल्या दिवशी ती पुटपुटली, "बस." ढग शांतपणे तिच्याकडे बघत उभा. पुन्हा पुटपुटली. त्याने जांभई दिली. आत जाऊन रडेल असं मला वाटलं, पण फाडायला इथे पान नव्हतं. पंधरा-वीस वेळा तेच. शेवटी ती वैतागून ताठ उभी राहिली आणि ओटीपोटातून ओरडली, "बस!" तो बसला. अंगणभर धूळ उडाली.

पण खरी गंमत वजनाची. एवढं जनावर घरच्या काट्यावर मावणार कसं? म्हणून दर रविवारी दुकानातल्या मोठ्या वजनकाट्यावर. तिथली रीत अशी की वजन मोठ्याने पुकारायचं, दिवाणजी लिहून घेणार. हमाल मामांनी पहिल्याच रविवारी सांगितलं, "बाळ, मनातल्या मनात वजन चालत न्हाई इथं. पुकार." तिने पुकारलं, घोगऱ्या आवाजात. "ऐकू आलं न्हाई!" पुन्हा पुकारलं. तिसऱ्या रविवारी पलीकडच्या हळदीच्या दुकानातल्या लोकांनीही मान वळवली.

मात्र त्याच रविवारी काटा चोपन्नवर आला होता. दोन किलो कमी. तिने तो आकडाही तसाच खणखणीत पुकारला. घरी येईपर्यंत एक शब्द नाही. त्या रात्री सासूबाई ढगाजवळ पाट टाकून बसल्या आणि त्याच्या कानाशी णमोकार म्हणू लागल्या. तेव्हापासून तो त्यांचा नेमच झाला. सकाळी लेकीने स्वतः डॉक्टरांना फोन केला, वहीतले तिन्ही आकडे वाचले, रोजचं खाणं ग्रॅममध्ये सांगितलं. मी शेजारी उभी होते, माझी गरज लागली नाही. डॉक्टरांनी सोयाबीन आणि पनीर वाढवलं. पुढच्या रविवारी चोपन्न-सहाशे. मग पंचावन्न. उन्हाळ्यात पुन्हा अडकलं, कारण सांगलीचं ऊन त्याला सोसत नाही, पण घसरलं नाही. रक्ताचे अहवाल दोन्ही वेळा चांगले आले.

यंदा दशलक्षण पर्वात पाठशाळेच्या कार्यक्रमात तिने आपणहून नाव दिलं. गोष्ट निवडली क्षत्रचूडामणीतली, जीवंधरकुमाराची. मार खाऊन मरणाला टेकलेल्या कुत्र्याच्या कानात तो णमोकार म्हणतो आणि तो जीव पुढे सुदर्शन नावाचा यक्ष होतो. आठ दिवस सराव ढगासमोर. मंडपात अर्ध्यावर ती अडली. माझ्या पोटात गोळा. सभेत कुजबुज सुरू झाली. ती माईकजवळ सरकली आणि म्हणाली, "थांबा. तिथपासून परत सांगते." आणि सांगितली, शेवटपर्यंत. बक्षीस दुसऱ्याच मुलाला मिळालं. घरी येऊन तिने आधी ढगाचं पाणी बदललं.

या रविवारी सत्तावन्न-दोनशे. त्याच्या खाण्याची मापं हवी असतील तर विचारा, लेक लिहून देईल. मात्र आधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा, प्रत्येक कुत्र्याचं वेगळं असतं. आणि मांजर असेल तर यातलं काहीही करू नका.