चोवीस नंबरची बस

प्रवासाच्या शेवटच्या दिवशी माणसाने काय पाहावे? माझ्या मते काहीच पाहू नये. आधीचे दिवस आपण स्वतःसाठी थोडेच पाहत असतो? परत गेल्यावर शिक्षकांच्या खोलीत ‘ते पाहिलंत का हो?’ असे विचारणाऱ्यांसाठी पाहत असतो. २०२३ च्या मे महिन्यात, शाळेच्या सुट्टीत, मी दहा दिवस लंडनला ताईकडे गेलो, तेव्हा पहिले नऊ दिवस असाच राबलो. ब्रिटिश म्युझियम झाले, टॉवर झाला. किंग हेन्रीज रोडवरचे दहा क्रमांकाचे घर तर पहिल्याच दिवशी पाहिले. १९२१-२२ साली डॉ. आंबेडकर विद्यार्थी म्हणून तिथे राहत होते. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ साली विकत घेतले. त्या दारात मी जरा जास्तच रेंगाळलो. घर राखण्याचा विषय मला तेव्हा टोचत होता.

कारण माझ्या बॅगेच्या तळाशी एक पाकीट होते. वाईच्या आमच्या घराच्या हक्कसोडपत्राचा मसुदा. घर पाडून नवे बांधायचे असे आम्हा भावांचे ठरले होते. ताईचा होकार तेवढा हवा होता. वडिलांच्या घरात मुलीचा वाटा मुलाइतकाच, असे कायद्याने २००५ साली पक्के केले. पण बहिणीने हसतमुखाने सही करून देण्याची आमच्याकडची रीत त्याहून फार जुनी आहे. फोनवर हे बरे दिसणार नाही, म्हणून मला धाडले. तिकिटाचे पैसे ताईने पाठवले होते, हेही सांगून टाकतो.

दहाव्या दिवशी ताईने रजा घेतली. “आज कुठं जायचं?” तिने विचारले. मी म्हटले, “तुझ्या बसमधून.”

ताई हॅम्पस्टेड हीथजवळच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. राहते कॅम्डन टाउनला. वीस वर्षे ती चोवीस नंबरच्या बसने जाते-येते. खालच्या मजल्यावर, दाराजवळ, पायांना विसावा मिळेल अशी जागा पाहून. ही बस पुढे पिम्लिकोला जाते. “पिम्लिको कसं आहे?” या माझ्या प्रश्नाला तिचे उत्तर होते, “मला काय ठाऊक? मी आधीच उतरते.”

आम्ही आधी वर तिच्या रुग्णालयापाशी गेलो आणि तिथून, अगदी सुरुवातीपासून, बसलो. कंडक्टर आता नसतो. यंत्राला कार्ड टेकवले की तेव्हा पावणेदोन पौंड जात. आपले तेव्हाचे जवळजवळ एकशे ऐंशी रुपये! पण दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या बाकावर बसून झाडांच्या फांद्या काचेवर घासून घेण्याचे सुख त्यात मिळते. पन्नाशी ओलांडलेली माझी बहीण पुढच्या दांडीवर दोन्ही हात ठेवून बसली होती. कॅम्डनला तिचा थांबा जवळ आला तसा तिचा हात आपोआप घंटीच्या बटणाकडे गेला. तिथेच अडला. मग तिने तो मांडीवर ठेवला, आणि तिचे घर मागे पडले.

पुढचे मला फारसे आठवत नाही, म्हणजे आठवण्यासाठी मी पाहिलेच नाही. टॉटनहॅम कोर्ट रोड, पुस्तकांच्या दुकानांचा चेअरिंग क्रॉस रोड, ट्रफाल्गार चौक. पार्लमेंटचा मनोरा २०१७ पासून पाच वर्षे दुरुस्तीत होता. आता धुऊन पुसून उभा राहिला आहे. “मोकळा झाला बिचारा,” ताई म्हणाली.

शेवटच्या थांब्यावर थेम्स आहे. पलीकडे बॅटरसी वीजघराची चार पांढरी धुरांडी. १९८३ साली ते बंद पडले, तरी पाडले नाही. २०२२ मध्ये त्यात दुकाने उघडली. मी ते न पाहिल्यासारखे केले. ताईने थालीपिठाचा डबा उघडला. भरतीची वेळ होती. समुद्राचे पाणी इथवर आत शिरते आणि नदी उलटी वाहू लागते. एक लाकडाचा ओंडका संथपणे उगमाच्या दिशेने चालला होता. ताई कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत होती.

“आपली कृष्णा अशी कधी वळली नाही, नाही रे?”

“घाटावरून पाहिल्याचं तर आठवत नाही.”

“माजघरातला झोपाळा आहे अजून?”

“आहे.”

“कुरकुरतो?”

“कुरकुरतो.”

थोड्या वेळाने ती म्हणाली, “तुला काही बोलायचं होतं का रे?” कादंबऱ्यांतून पानेच्या पाने संवाद लिहिणाऱ्या मला त्या वेळी एक वाक्य सुचले नाही. “लोणचं आहे का?” असे मी विचारले. तिने लोणचे काढून दिले.

रात्री नऊपर्यंत उजेड होता. तो संपेपर्यंत आम्ही नदीकाठच्या कट्ट्यावर बसलो.

सकाळी विमानतळावर माझी बॅग दोन किलो जास्त भरली. ताईने ती तिथेच फरशीवर उघडली. कपड्यांखालचे पाकीट वर आले. त्यावर माझ्या हातचे तिचेच नाव होते. तिने ते उचलून एका बाजूला नीट उभे केले, मुलांसाठी दिलेल्या बिस्किटांचे दोन डबे काढून घेतले आणि चेन लावली.

“आता भरेल बरोबर,” ती म्हणाली.