बढती आणि हातातलं काम

गणपतीत गावी, शिवथरला गेलो की महाडला डिप्लोमा किंवा लोणेऱ्याला बी.टेक. करणारी मुलं घरी येतात. "दादा, सुरुवातीला पॅकेज किती मिळतं?" "ऑनसाइट कधी पाठवतात?" "मॅनेजर व्हायला किती वर्षं लागतात?" प्रश्न रास्तच आहेत. आमच्याकडे भातशेती पावसाच्या भरवशावर, जमिनीचे तुकडे लहान, आणि घरं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या मनिऑर्डरीवर चाललेली. पगाराची चौकशी करू नका, असं मी त्यांना कधी म्हणणार नाही. पण आयटीत बरीच वर्षं काढल्यावर एक गोष्ट त्यांना आवर्जून सांगतो. पगार, पद आणि कामातलं समाधान ही तिघं एकाच गाडीने येत नाहीत. समाधान कशातून मिळतं ते ओळखून त्याची वेगळी तजवीज करावी लागते.

माझे बाबा मुंबईच्या कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. आधी बदली कामगार, म्हणजे रोज गेटवर जायचं, कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम, नाहीतर परत. मग कायम झाले. पुढची पायरी जॉबरची, म्हणजे मुकादमाची होती. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि कित्येकांसारखे बाबाही गावी आले ते कायमचेच. पुढे ते गिरणीबद्दल बोलत तेव्हा पगाराचा विषय क्वचित निघे. साच्याचा आवाज जरा बदलला की काय बिघडलंय ते न बघता कळायचं, हे मात्र ते रंगून सांगत.

लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठातून मी पुण्याला गेलो आणि हिंजवडीत नोकरीला लागलो. सुरुवातीची वर्षं एका बँकेच्या प्रॉडक्शन सपोर्टवर, म्हणजे चालू सॉफ्टवेअर सांभाळण्यात गेली. नवं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या तुलनेत सपोर्टचं काम कमी प्रतीचं समजतात. माझा अनुभव तसा नाही.

एका महिनाअखेरीला रात्रीचा बॅच अडकला. बँकेतून पेमेंटची फाइल दुसऱ्या यंत्रणेकडे जायची. प्रत्येक ओळीत नाव, खाते क्रमांक आणि रक्कम यांना ठरावीक जागा. हजारो ओळींतली एक ओळ नाकारली जात होती आणि तिच्यापायी सगळी फाइल परत येत होती. लॉग वाचत वाचत ती ओळ शोधली, तर खातेदाराचं नाव देवनागरीत. फाइल लिहिणारा प्रोग्राम अक्षरं मोजत होता आणि वाचणारा बाइट. साध्या इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी हीसुद्धा स्वतंत्र चिन्हं. नावाने आपली जागा ओलांडली होती आणि रकमेच्या जागी नावाचं शेवटचं टोक येऊन बसलं होतं. ती ओळ बाजूला काढून बाकीची फाइल रवाना केली, दुसऱ्या दिवशी मूळ कोड दुरुस्त केला आणि त्या खातेदाराचेही पैसे गेले. तो कोण, कुठला, मला माहीत नाही. पण त्या पहाटे घरी जाताना जे वाटलं, ते पगारवाढीच्या पत्राने मला कधी दिलेलं नाही.

काम चांगलं म्हणून बढती मिळाली. आधी लीड, मग मॅनेजर. पगार वाढला, त्यावर पुण्यात घर झालं, गावच्या घरावर नवं छप्पर आलं. त्याचं मोल मी जाणतो. पण दिवसभर माझ्यासमोर आता कोड नसायचा. कोण बेंचवर म्हणजे प्रोजेक्टविना, कोण कुठल्या प्रोजेक्टवर, किती तास बिलात धरायचे, याच्या शीट असायच्या. अप्रेझलच्या वेळी रेटिंगची बेल कर्व्ह पाळायची, म्हणजे टीममधल्या सगळ्यांनी उत्तम काम केलं तरी कुणालातरी खालचं रेटिंग द्यावंच लागायचं. मेहनती मुलीला समोर बसवून तिचं रेटिंग का घसरलं ते सांगताना जीव तुटायचा. मायक्रोसॉफ्टने ही सक्तीची उतरंड 2013 मध्ये बंद केली, तेव्हा ती बोच जगभरची आहे हे कळलं.

त्याच सुमारास फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं काम वाचनात आलं. त्याने पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे 200 अभियंत्यांना आणि हिशेबनिसांना विचारलं होतं, नोकरीत फार बरं कधी वाटलं आणि फार वाईट कधी? 1959 मध्ये त्यावर पुस्तक आलं. वाईट आठवणींत कंपनीची धोरणं आणि वरिष्ठांची वागणूक जास्त होती. चांगल्या आठवणींत काम तडीला गेल्याचा आनंद, घेतली गेलेली दखल, कामाची गोडी आणि जबाबदारी. पगार कमी असेल तर माणूस नाराज होतो. पण पगार पुरेसा झाला म्हणून काम आवडायला लागत नाही, असा त्याचा निष्कर्ष. माझ्या मनातलं कुणीतरी नीट मांडून ठेवलं होतं.

बऱ्याच कंपन्यांत मॅनेजरकीशिवाय दुसरी वाट असते. सिनिअर इंजिनिअर, प्रिन्सिपल इंजिनिअर, आर्किटेक्ट. मी ती मागितली. पगारवाढ काही काळ थंडावणार होती. बायको म्हणाली, "घराचा हप्ता भागतोय ना? मग कर." आज मी डिझाइन करतो, नव्या मुलांचा कोड तपासतो, अवघड बिघाड आला की त्यांच्या शेजारी बसतो. माझ्याबरोबर लीड झालेली एक मैत्रीण मात्र मॅनेजर म्हणून फुलली. माणसं घडवणं हेच तिला आवडीचं काम वाटतं. तिची वाट तिच्यासाठी योग्य आणि माझी माझ्यासाठी.

समाधानात सोबतच्या माणसांचाही वाटा असतो. 2020 च्या लॉकडाउनमध्ये मी गावाहून काम करत होतो. 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि आमच्याकडची वीज गेली, रेंज गेली. माझ्या ऑनकॉलच्या पाळ्या टीमने न सांगता वाटून घेतल्या. त्यानंतर जास्त पगाराची एक ऑफर आली, तेव्हा ही माणसं मी हिशेबात धरली आणि थांबलो.

म्हणून मुलांना सांगतो, पहिली काही वर्षं एक विषय खोलवर शिका. कोणत्या कामात वेळेचं भान राहत नाही ते लिहून ठेवा. मुलाखतीत पगाराइतक्याच मोकळेपणाने विचारा, की मी केलेलं काम शेवटी कोण वापरतं. आणि बढतीचं पत्र हातात आलं की त्याच दिवशी विचारा, यापुढे कोणतं काम माझ्याकडून जाणार आणि कोणतं येणार? उत्तर पटलं तर आनंदाने वर जा. नाही पटलं तर दुसरी वाट मागा, कारण मागितल्याशिवाय ती कुणी दाखवत नाही.