स्लॅबला टांगलेला झोपाळा

जुन्या वाड्यातला झोपाळा कशाच्या जिवावर झुलतोय, हे सांगावं लागत नसे. वर वीतभर जाडीची सागवानी तुळई आणि तिच्यातून आरपार गेलेल्या लोखंडी कड्या. सगळा कारभार डोळ्यांसमोर.

आता फ्लॅटमध्ये तुळई कुठली? डोक्यावर पाच-सहा इंचांची स्लॅब. तिला भोकं पाडून त्यात अँकर फास्टनर बसवतात. एकदा बसवले की बाहेर दिसतो तो फक्त नट.

नातवंडांसाठी झोपाळा लावायचं ठरलं, तेव्हा मी मिस्त्रींना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. (आयुष्यभर विद्यार्थ्यांनी मला भंडावलं, त्याची परतफेड!) त्यांनी एक फास्टनर माझ्या हातातच दिला. बोल्टच्या आतल्या टोकाला शंकूसारखा फुगवटा, त्याच्याभोवती चिरा पाडलेली पत्र्याची बाही. नट आवळला की बोल्ट खाली ओढला जातो, शंकू बाहीत घुसतो, बाही फाकते आणि भोकाच्या कडांना घट्ट दाबून बसते. चिकटवणं नाही की काही नाही, सगळं काम घर्षणाचं.

म्हणजे ताकद एकट्या बोल्टची नव्हेच, निम्मी काँक्रीटकडून उसनी घेतलेली! प्लास्टरचा त्यात काही उपयोग नाही. विटेत हाच फास्टनर जोरात आवळला तर वीटच तडकते. हलक्या एएसी ब्लॉकला तर निराळेच प्लग लागतात. एका ठिकाणी ड्रिल सळईला लागलं. मिस्त्रींनी सळई न कापता भोक सरकवून घेतलं. प्रत्येक भोकात ब्रश फिरवून, फुंकणीने धूळ काढली. धूळ राहिली की पकड सैल. पुढे कुणालाही दिसणार नाही असं काम इतक्या निगुतीने करणारा माणूस पाहिला की बरं वाटतं.

प्रत्येक बाजूला एक लोखंडी पट्टी आणि तिला चार-चार फास्टनर. "इतके कशाला?" असं मी विचारलंच. उत्तर धाकट्या भावाने दिलं, तो विज्ञान शिकवायचा. झोका ६० अंशांपर्यंत चढला तर खाली येताना कड्यांवर वजनाच्या दुप्पट ओढ बसते, आणि ९० अंशांपर्यंत गेला तर तिप्पट. मुलं हळू झोके घेतील ही आशा ज्यांनी मुलं पाहिली नाहीत त्यांनीच करावी.

बसवून झालं की विसरायचं, हा माणसाचा स्वभाव. तो किती महागात पडतो, ते जपानमध्ये दिसलं. २ डिसेंबर २०१२ रोजी तिथल्या सासागो बोगद्याचं टांगलेलं छत कोसळून ९ जण गेले. बोगदा १९७७ सालचा. तिथले बोल्ट रसायनाने चिकटवलेले, म्हणजे जात वेगळी. पण वर्षानुवर्षं त्यांच्याजवळ जाऊन कुणी नीट तपासलं नव्हतं.

म्हणून दर दिवाळीच्या साफसफाईत मुलाला शिडीवर चढवायचं ठरवलंय. नट सैल झालाय का, पट्टीभोवती भेग, ओल किंवा गंजाचा डाग आहे का, एवढंच पाहायचं. दहा मिनिटांचं काम.

आणि मंडळी, तुमच्याकडे झोपाळा नसेल, पण गीझर तर असेल? २५ लिटरच्या गीझरमध्ये पाणीच २५ किलो असतं, शिवाय त्याचं स्वतःचं वजन वेगळं. तो कुठल्या भिंतीला आणि कशाने धरलाय, एकदा बघून घ्या.