मावळ्याच्या उंचीवरून

12 ऑक्टोबर 2025, रविवार
आळीतल्या पोरांचा दिवाळीचा किल्ला सुरू. यंदा रायगड. जुलैत युनेस्कोच्या यादीत 12 किल्ले गेले, त्यात हा आहे. त्यामुळे कोणता करायचा यावर भांडण नाही. विटा, दगड, वर गोणपाट, त्यावर चिखल. रात्री अळीव पेरलं. फोटोचं काम माझ्याकडे. पुतणीची अट : "काका, खोटा वाटता कामा नये."

13 ऑक्टोबर
घरात जुना डीएसएलआर, सोबत आलेली 18-55 लेन्स. जो तो सांगतो, लहान वस्तूला मॅक्रोच हवी. 100 मिमीची, वापरलेली घेतली तरी महिन्याचं गणित कोलमडेल. महाडच्या मित्राकडे आहे. आधी मागून वापरून बघू.

14 ऑक्टोबर
दुपारी गडगडाट. किल्ल्यावर ताडपत्री. भात कापणीला आलंय, सगळे आभाळाकडे बघतायत.

15 ऑक्टोबर
लेन्स आली. मित्र हायवेच्या कोंडीत अडकला, बाजारपेठ ओलांडायलाच वेळ गेला.
मावळा उभा केला, छिद्र f/2.8 ठेवलं. मिशी अशी की रंगाचा फटकारा मोजावा. ढाल धूसर. किल्ला गायब, मागे नुसता तपकिरी डाग. एवढ्या जवळून धारदार पट्टा जेमतेम 3 मिलिमीटर. छिद्र बारीक करून f/16 वर दोनेक सेंटिमीटर. मावळा मिळाला, गड गेला.
पोरं स्क्रीनवर वाकली. एकजण म्हणाला, "हा दुकानातला फोटो."

16 ऑक्टोबर
अळिवाला मोड. दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये लंडनहून कॅमेरा आणला आणि चित्रपटाआधी टिपलं ते वाटाण्याचं रोप उगवताना. कॅमेरा एका जागी, थोड्या थोड्या वेळाने एक चित्र. भांडवलवाल्याची खात्री पटवायला ते कामी आलं.
मीही अंगणात खडूने कॅमेऱ्याची जागा आखली. कुणी पुसू नये म्हणून वर पाट.

17 ऑक्टोबर, वसुबारस
झोप येईना, हिशेब मांडला.
रायगड सुमारे 820 मीटर. पोरांचा डोंगर 90 सेंटिमीटर. माप साधारण 1 : 900. या मापाने माणूस दोन मिलिमीटरचा. कुंभाराकडचा मावळा साडेसात सेंटिमीटर, म्हणजे 1 : 22 च्या आसपास. एकाच अंगणात दोन मापं. मावळा टकमक टोकावर ठेवला की टोकाची पायरी होते. कुठलीही लेन्स हे लपवणार नाही.
मावळा डोंगरावरून खाली आणायचा. कॅमेऱ्यापासून अर्ध्या मीटरवर तो, तीन मीटरवर डोंगर. मग त्याच्या मापाने तो 11 मीटरवर दिसेल, डोंगर आपल्या मापाने 2.7 किलोमीटरवर. पायथ्याच्या पाचाडकडून गड बघतोय असं.
पण दोन्ही धारदार हवेत. मॅक्रोचं ते काम नव्हे.

18 ऑक्टोबर, धनत्रयोदशी
पोरांना सांगितलं, मावळे उतरवा. रुसवा. वरचा पहारा कोण करणार? तडजोड : फोटोपुरते खाली, मग परत वर.

19 ऑक्टोबर
जुनीच लेन्स. 18 मिमी, f/16, फोकस एक मीटरवर. अर्ध्या मीटरपासून मागचं सगळं चालेल इतकं स्वच्छ. ट्रायपॉड सगळ्यात खाली केला तरी कॅमेरा गच्चीवरून बघितल्यासारखा बघतो. काढून टाकला. कॅमेरा थेट मातीवर. लेन्स मावळ्याच्या छातीला आली. स्क्रीन वळत नाही, म्हणून गोणपाटावर पालथा पडलो. शेजारच्या आजी : "काय हरवलं रे?"
सावलीत शटर रेंगाळतं. मावळे हलत नाहीत, अळीव हलतं. कुब्रिकच्या '2001' चित्रपटातली (1968) यानांची मॉडेलंही बारीक छिद्राने, एकेका चित्राला कित्येक सेकंद देत टिपली होती. तिथे वारा नव्हता.
दोन सेकंदांचा टायमर. बटण दाबून हात काढून घ्यायचा.

20 ऑक्टोबर, नरक चतुर्दशी
अभ्यंगस्नान उरकून थेट अंगणात. ऊन तिरकं, एका बाजूने. डोंगराच्या घड्यांत सावल्या भरल्या. फ्लॅश लावून पाहिला, सगळं सपाट. बंद केला.
पुतणीने स्क्रीन बघितला. बराच वेळ बोलली नाही. मग : "नगारखान्याचा दरवाजा वाकडा दिसतोय." म्हणजे पटलं.
मोबाइलही उलटा धरून, कॅमेरा जमिनीला टेकवून पाहिला. रुंद लेन्सवर तोही बरा निघाला. मोठा करून छापायला मात्र डीएसएलआर.

21 ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
पणत्यांच्या उजेडात फोटो हवा, पोरांचा हट्ट. ज्योत मावळ्याच्या कमरेएवढी. आग लहान करता येत नाही, पाणीही नाही. गंगासागर तळ्यात टाकलेलं पाणी थेंब पडला की बादलीतलं वाटतं. या फोटोत किल्ला खेळणंच दिसला. पोरांना हाच जास्त आवडला.

22 ऑक्टोबर, पाडवा
मावळे पुन्हा पहाऱ्यावर.

23 ऑक्टोबर, भाऊबीज
मॅक्रो पुसून परत केली. तिचं काम एकच : मावळ्याचा चेहरा, सिंहासनाची नक्षी. तेवढ्यासाठी विकत घेणार नाही. अख्ख्या किल्ल्याला 18-55 पुरते. फक्त कॅमेरा मातीला टेकवायची तयारी हवी. खर्च : मोठ्या प्रिंटचा, आणि पुढच्या वर्षीसाठी कुंभाराला सांगून ठेवलेल्या लहान मापाच्या मावळ्यांचा.