श्रीहरिकोट्यास जाऊन आलो

देवदर्शनासाठी दक्षिणेकडे जाणारी मंडळी आमच्या घरात पुष्कळ आहेत. तिरुपती, कांची, रामेश्वर ही नावे आमच्या लहान मुलांसही पाठ आहेत. परंतु तिरुपतीच्याच जिल्ह्यात समुद्रकाठी असलेले श्रीहरिकोटा हे बेट पाहण्याकरिता आमच्यापैकी कोणी मुद्दाम तिकीट काढील, असे सन २०२३ च्या पाडव्यापर्यंत आम्हांस वाटले नव्हते. त्यातून या प्रवासास आमचे थोरले बंधू अण्णा निघाले, हे घरातल्या सर्वांस अधिकच नवलाचे वाटले.

नवल का, ते वाचकांस सांगितले पाहिजे. अण्णांची धाकटी कन्या इंजिनिअर आहे. शिक्षण संपताच तिला एका सरकारी संस्थेत कायमची जागा मिळाली, आणि घरात पेढे वाटले गेले. चार वर्षांनी तिने ती जागा आपण होऊन सोडली आणि हैदराबादेस अग्निबाण तयार करू पाहणाऱ्या एका खासगी कंपनीत नोकरी धरली. अण्णांनी पस्तीस वर्षे पोस्टात काढलेली. कायमची जागा सोडणे म्हणजे वाढलेल्या ताटावरून उठणे, असे त्यांचे मत. त्यांनी मुलीशी भांडण केले नाही. फक्त बोलणे थांबविले. तिचा फोन आला की ‘आईला देतो’ एवढे दोन शब्द उच्चारून ते फोन वहिनींच्या हाती देत. याप्रमाणे दीड वर्ष गेले. अशा स्थितीत तिचा आम्हांस निरोप आला, ‘काका, २६ तारखेच्या उड्डाणासाठी प्रेक्षकांत आपली नावे नोंदविली आहेत. अण्णांना घेऊन या.’ आम्ही तो निरोप जेवणाच्या पंगतीत मोठ्याने वाचला. अण्णा भात कालवीत होते. ‘वरची बर्थ मला नको,’ एवढेच ते म्हणाले.

पुण्याहून मद्रासकडे जाणारी गाडी दौंड सोडून भिगवणजवळ येते तेव्हा उजनीच्या जलाशयाचे पाणी दिसू लागते. हिवाळ्यात येथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, हे आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. मात्र याच इंदापूर तालुक्यात, ऊस आणि साखर यांसाठी प्रसिद्ध असलेल्या वालचंदनगरच्या कारखान्यात, आम्ही पाहावयास चाललो होतो त्या अग्निबाणाच्या दोन बाजूंच्या घनइंधनाच्या नळकांड्यांचे पोलादी भाग घडविले जातात, ही गोष्ट आम्हांसही त्याच सुमारास कळली होती. त्याचे विकास नावाचे एंजिन विक्रोळीच्या गोदरेजच्या कारखान्यात तयार होते. आम्ही हे सांगताच अण्णा म्हणाले, ‘म्हणजे खासगी कारखाने पूर्वीपासून आहेतच की. मग हिच्या कंपनीत नवीन काय?’ प्रश्न बिनतोड होता. नवीन ते एवढेच, की पूर्वी कारखानदार सरकारच्या नकाशाप्रमाणे भाग करून देत, आणि अग्निबाण सरकारचा असे. २०२० साली सरकारने हे क्षेत्र मोकळे केले. तेव्हापासून नकाशा, भांडवल आणि अपयशही कंपनीचे स्वतःचे असू शकते.

मद्रासहून उत्तरेकडे जाणारी लोकल गुम्मिडिपूंडी ओलांडून आंध्रात शिरते, आणि दोनएक तासांत सुलूरपेट येते. गाव लहान. चेंगलम्मा देवीचे देऊळ हे तेथील मुख्य ठिकाण. उड्डाणापूर्वी इस्रोची वडीलधारी मंडळी या देवीपुढे हात जोडून जातात. पुढे जुलै २०२३ मध्ये चांद्रयान-३ च्या वेळी तत्कालीन अध्यक्ष सोमनाथ हेही येथे आले होते. शास्त्रज्ञांनी देवळात जावे की नाही, यावर आमच्या घरी दोन्ही पक्ष आहेत. तो वाद येथे उकरून काढीत नाही. पुतणी आदल्या दिवशीच हैदराबादेहून येऊन थांबली होती. तिने देवळाच्या ओसरीवर अण्णांना वाकून नमस्कार केला. अण्णांनी ‘अष्टपुत्रा’ म्हणण्याऐवजी ‘बरी आहेस ना?’ असे विचारले. दीड वर्षातले ते पहिले वाक्य!

सुलूरपेटपासून बेटापर्यंतचा रस्ता पुलिकत सरोवराच्या मधून बांधावरून जातो. चिल्काच्या खालोखाल हे आपल्या देशातील सर्वांत मोठे खारे सरोवर. पहाटेच्या उजेडात दोन्ही बाजूंस उथळ पाणी, कोठे मिठाने पांढरा पडलेला चिखल, आणि त्यात लांब पाय रोवून उभे असलेले रोहित पक्षी. भिगवणचे पाहुणे येथेही भेटले, म्हणून आमच्या कुटुंबास फार आनंद झाला. या पक्ष्यास मराठीत ‘अग्निपंख’ असेही म्हणतात. डॉक्टर कलाम यांच्या आत्मचरित्राच्या मराठी अनुवादाचे नावही तेच आहे. अण्णांनी ते पुस्तक तीनदा वाचले आहे. या योगायोगाने त्यांची जीभ सैल झाली.

बेटावर पोहोचल्यावर प्रथम जाणवते ती झाडी. निलगिरी, खडशेरणी, वाळू, आणि पलीकडून समुद्राची गाज. येथे पूर्वी यानादी लोकांची वस्ती होती. पूर्वेस मोकळा समुद्र असल्यामुळे पडणारे भाग कोणाच्या घरावर पडत नाहीत, आणि विषुववृत्त फार दूर नसल्यामुळे पूर्वेकडे सोडलेल्या अग्निबाणास पृथ्वीच्या फिरण्याचा धक्का फुकट मिळतो, म्हणून ही जागा निवडली गेली. ९ ऑक्टोबर १९७१ रोजी येथून पहिला लहानसा बाण उडाला. २०१९ पासून सामान्य लोकांसही उड्डाण पाहता यावे म्हणून एक मोठी उघडी गॅलरी केली आहे. आम्ही तेथे पायऱ्यांवर बसलो तेव्हा सात वाजले असतील. पुढे दोन तास होते, आणि त्या दोन तासांतच ज्यासाठी हा लेख लिहीत आहोत ते संभाषण घडले.

आरंभ अण्णांनी केला. १० ऑगस्ट १९७९ रोजी याच बेटावरून एसएलव्ही-३ हा बाण सुटला आणि सव्वापाच मिनिटांत बंगालच्या उपसागरात पडला. कलाम त्या योजनेचे प्रमुख होते. परंतु पत्रकारांपुढे बसले ते अध्यक्ष सतीश धवन, आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली. पुढे १८ जुलै १९८० रोजी दुसरा प्रयत्न सफल झाला, तेव्हा धवनांनी पत्रकारांकडे कलामांना पाठविले. ‘असा वरिष्ठ असेल तर माणसाने जन्म काढावा. तुझ्या कंपनीत असा कोण आहे?’ अण्णांनी विचारले.

‘अण्णा, या गोष्टीचा पूर्वार्ध तुम्ही गाळता,’ पुतणी म्हणाली. ‘त्या दिवशी सुटण्याच्या काही मिनिटे आधी संगणकाने उड्डाण थांबविले होते. तज्ज्ञांनी सांगितले, चिंता नाही. आणि कलामांनी संगणक बाजूला सारून पुढे जाण्याचा निर्णय घेतला. त्यांनी स्वतःच ते लिहिले आहे. आमच्या धंद्यात “जा” म्हणणारे पुष्कळ भेटतात. “थांबा” म्हणणाऱ्याला जपणारा वरिष्ठ असावा लागतो.’

मग तिने आपला अनुभव सांगितला. एंजिनाची चाचणी होती; सर्वांत कनिष्ठ म्हणून तिच्याकडे केवळ दाबाचे आकडे वाचण्याचे काम. एक आकडा हळूहळू उतरू लागला, आणि तिने चाचणी थांबविण्यास सांगितले. द्रवरूप प्राणवायू सोडून द्यावा लागला, दिवस फुकट गेला, खर्च अंगावर पडला. दुसऱ्या दिवशी उलगडा झाला की दाब ठीकच होता, मापकच बिघडले होते. ती राजीनामा मनात लिहून सभेस गेली. प्रमुखांनी मापक कोठून आणले याची चौकशी केली, तिला कोणी बोल लावू दिला नाही, आणि पुढच्या चाचणीत ‘जा’ किंवा ‘थांबा’ सांगण्याचे काम तिच्याकडेच ठेवले.

अण्णा थोडा वेळ समुद्राकडे पाहत राहिले. मग अगदी शांतपणे म्हणाले, ‘गेल्या वर्षी भाद्रपद-अश्विनात दोन महिने पगार झाला नाही. तेव्हा हे प्रमुख कोठे होते?’

पुतणीचा चेहरा उतरला. ही गोष्ट तिने घरात कोणास कळविली नव्हती. परंतु तिचे बँकेचे खाते शाळेत असताना अण्णांच्या जोडीने उघडलेले, आणि अण्णा दर महिन्यास बँकेत जाऊन पासबुक भरून आणीत. ज्या मुलीशी बोलणे टाकले होते, तिच्या पगाराची नोंद ते दीड वर्ष महिन्याच्या महिन्यास वाचीत आले होते. आम्हांसही हे त्याच क्षणी कळले.

‘भांडवलाचा पुढचा हप्ता अडकला होता,’ ती म्हणाली. ‘प्रमुखांनी सर्वांना एकत्र बोलावून आधीच सांगितले. ज्याला जावयाचे त्याने जावे, चांगले पत्र देऊ, म्हणाले. त्यांनी स्वतः चार महिने काही घेतले नाही. वर्कशॉपमधल्या फिटर आणि वेल्डर लोकांचा पगार मात्र थांबू दिला नाही.’

‘फिटरांना आधी दिला?’

‘हो.’

‘व्याजासकट तुमचा नंतर दिला?’

‘व्याज नाही. नुसता पगार.’

अण्णांनी ‘हं’ केले. त्यांच्या ‘हं’चे चार अर्थ आम्हांस ठाऊक आहेत, हा पाचवा होता.

येथे आम्हांस आमचे मत नमूद करावेसे वाटते. धवनांच्या पाठीशी सरकारी तिजोरी होती. खासगी प्रमुखाच्या पाठीशी धीर सुटू शकणारे भांडवलदार असतात. त्यामुळे दोहोंची तुलना करताना जपून बोलावे. पगाराचा काही भाग कंपनीच्या शेअरांच्या रूपाने देण्याची जी चाल या क्षेत्रात आहे, त्या कागदाचे उद्या सोने होईल की रद्दी, हे सांगणे कठीण. ज्या घरी एकच मिळवता आहे आणि डोक्यावर कर्ज आहे, तेथील मुलाने अशी उडी घेण्यापूर्वी दहादा विचार करावा. आमच्या पुतणीस ते दोन महिने निभावले, कारण तिच्या मागे चार मिळवत्या माणसांचे घर होते. एकत्र कुटुंबाची कुरकूर करणाऱ्या आमच्या तरुण वाचकांनी हा हिशेबही वहीत मांडावा.

इतक्यात घोषणा झाली आणि सर्व गॅलरी उभी राहिली. त्या दिवशीचे उड्डाण व्यापारीच होते. वनवेब या विलायती कंपनीचे ३६ उपग्रह, एकूण ५,८०५ किलो वजनाचे, भाडे घेऊन वर न्यावयाचे होते. सौदा सरकारच्याच न्यूस्पेस इंडिया या व्यापारी कंपनीने केला होता. बरोबर ९ वाजता झाडांच्या शेंड्यांवर एक पिवळाधमक प्रकाश उमटला. आवाज नाही! बाण निम्मा आकाशात चढला तेव्हा कोठे तो गडगडाट आमच्यापर्यंत आला, आणि आला तो कानांत नव्हे, छातीत. ‘बाजूची ती दोन नळकांडी आहेत ना,’ पुतणी ओरडून सांगत होती, ‘प्रत्येकीत दोनशे टन इंधन आहे. एकदा पेटले की विझविता येत नाही. थांबायचे ते त्याच्या आधी!’ अण्णांनी टोपी काढून हातात धरली होती. ‘वालचंदनगर,’ ते म्हणाले. दोन मिनिटांनी ठिपकाही दिसेनासा झाला. वीसएक मिनिटांनी पहिले उपग्रह सुटे झाल्याची बातमी आली, तेव्हा शेजारच्या तेलुगू कुटुंबाने आम्हांस लाडू दिले.

परतीच्या वाटेवर पुतणीने पूर्वीच्या नोव्हेंबरातील हकीकत सांगितली. इस्रोतून बाहेर पडलेल्या पवन कुमार चंदना आणि नाग भरत डाका यांनी २०१८ साली हैदराबादेस स्कायरूट ही कंपनी काढली, आणि १८ नोव्हेंबर २०२२ रोजी त्यांचा ‘विक्रम-एस’ हा सहा मीटर लांबीचा बाण याच बेटावरून सुमारे ८९ किलोमीटर उंच गेला. आपल्या देशातील खासगी कंपनीचा तो पहिला बाण. ‘सहा मीटर म्हणजे आपल्या माजघराएवढा,’ अण्णा म्हणाले. ते टिंगल करीत होते की हिशेब, हे आम्हांस कळले नाही. सुलूरपेटच्या खाणावळीत दहीभात जेवताना त्यांनी तिला विमा किती आहे, रात्रपाळीत घरी कोण सोडते, कंपनीत बायका किती, असे प्रश्न एकामागून एक विचारले. उत्तरे मात्र पूर्ण ऐकून घेतली.

पुढल्या वर्षी मद्रासच्या अग्निकुल कंपनीने याच बेटावरील स्वतःच्या तळावर आपला बाण उभा केला. तो मार्चमध्ये थांबविला गेला, एप्रिलमध्ये दोनदा थांबविला गेला, मेच्या अखेरीस पुन्हा सुटण्याच्या काही सेकंद आधी थांबविला गेला. वर्तमानपत्रांनी प्रत्येक वेळी ‘पुन्हा लांबणीवर’ असे छापले. घरातील मुले हसू लागली. अण्णा हसले नाहीत. ३० मे २०२४ रोजी सकाळी तो उडाला. ती कंपनी आमच्या पुतणीची नव्हे. तरीही दुसऱ्या दिवशी अण्णांनी ते कात्रण कापले, मागच्या चारही बातम्यांची कात्रणे आतल्या खिशातून काढली, आणि पाचही एका टाचणीत अडकवून लोखंडी कपाटात, जेथे पत्रिका आणि शाळेचे दाखले असतात, तेथे ठेवून दिली. मग फोन वाजला. वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत येत होत्या. परंतु तोपर्यंत अण्णा बोलू लागले होते.