कपाटातला डबा

परवा आईचं कपाट आवरताना तो पितळी डबा हाती लागला. हल्ली त्यात बटणं नि दोऱ्याची रिळं असतात. १९९४ साली मात्र त्यात आमच्या एका नातेवाइकांचं सोनं होतं. (घरची मंडळी हे वाचतील नि ओळखतील. ओळखू देत.)

त्यांचं कापडाचं दुकान. वर्षानुवर्षं दोन वह्या... कच्ची खरी, पक्की सरकारला दाखवायची. कर वाचायचा. दुकान बुडायला लागलं तेव्हा पक्क्या वहीचा दुसरा उपयोग त्यांच्या लक्षात आला. कागदावर ते कधीचेच गरीब होते! मग घराचं बक्षीसपत्र काकूंच्या नावे, सोनं आमच्याकडे, आणि कोर्टात नादारीचा अर्ज.

पूर्वी म्हणे दिवाळं निघालेला सावकार भरदिवसा पेढीवर दिवा लावून ठेवायचा, लोकांना कळावं म्हणून. इथे सगळा अंधारातला कारभार.

कायदा तसा भोळा नाही. नादारीच्या अर्जाआधी दोन वर्षांत असं फुकट देऊन टाकलेलं घर रिसीव्हरला परत ओढता येतं, ही तरतूद १९२० च्या कायद्यातच आहे. मालमत्ता लपवणं हा तर गुन्हाच. आणि तो निर्दयही नाही. जप्तीतून अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं वगळलेली आहेत, मंगळसूत्रासारखा दागिनासुद्धा. म्हणजे उपाशी कुणी मरत नव्हतं. पण रिसीव्हरला कुणीतरी सांगायला हवं ना! सांगू शकणारे आम्हीच, आणि डबा आमच्याकडे.

आईचे ब्लाऊज शिवणाऱ्या बाईंनी त्यांच्याकडे सात हजार रुपये ठेवले होते. त्याची नोंद फक्त कच्च्या वहीत. ती वही बंबात गेली. त्यामुळे देणेकऱ्यांना पैसे मागणाऱ्यांच्या यादीत बाईंचं नावच नव्हतं. बँकेनं वकील दिला. बाई आमच्याकडे आल्या.

कॉटवर बसून त्यांनी चहा घेतला. मग बाबांना हळूच विचारलं, "भाऊ, त्यांच्याकडे खरंच काही उरलं नाही का हो?"

बाबा म्हणाले, "नाही हो. काहीच नाही."

मी तिथेच गणितं सोडवत बसलो होतो. कपाट त्यांच्या पाठीमागे, चार हातांवर. आई स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही.

वर्षभराने सोनं परत गेलं. बाईंचे पैसे कुणी दिले नाहीत, आम्हीही नाही. आईनं मात्र ब्लाऊज दुसरीकडे शिवायला टाकायला सुरुवात केली.