पंख की पंखा

कोको उडाला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. डोक्यावरून काहीतरी फर्रकन गेलं. वटवाघूळ शिरलं असं वाटून मी लाटणं उगारलं, आणि वर बघते तर फ्रिजवर कोको. तुरा ताठ उभा, डोळे गोल. माझ्यापेक्षा तोच जास्त दचकलेला दिसत होता.

तोवर चौदा महिने तो आमच्या घरात चालत फिरत होता. सोफ्याच्या हातावरून टीपॉयवर उतरायचं तर मान खाली घालून आधी अंतर जोखायचा, दोनदा विचार बदलायचा आणि मग धपकन उडी टाकायचा. आम्हाला त्याची गंमत वाटायची. त्याचे व्हिडिओ काढून आम्ही नातेवाइकांना पाठवलेत.

कोको म्हणजे कॉकाटील. राखाडी अंग, पिवळं डोकं, गालावर गेरूने काढल्यासारखा नारिंगी गोल. जात मूळची ऑस्ट्रेलियाची, पण आपल्याकडे मिळतात ते पिंजऱ्यातच जन्मलेले. आमच्याच इमारतीतलं एक कुटुंब कॅनडाला निघालं होतं. ‘दोन महिने सांभाळा, न्यायची व्यवस्था करतो’ म्हणून त्यांनी तो ठेवला. त्याच्याबरोबर पिंजरा, राळ्याची अर्ध्या किलोची पिशवी आणि एका बाजूचा छाटलेला पंख. दोन महिन्यांनी त्यांचे फोन कमी झाले, मग थांबले. सासूबाईंनी त्याचं बारसं पुन्हा केलं. तुऱ्यामुळे त्या त्याला ‘तुर्रेबाज’ म्हणतात.

एकाच बाजूचा पंख का, तर दुकानदाराने तसा छाटून दिला होता म्हणे. असा पक्षी उडायला गेला की तोल जाऊन भिंगरीसारखा फिरत खाली येतो. ते आम्ही पहिल्याच ऑगस्टमध्ये पाहिलं. लेकीच्या खांद्यावर बसून स्वारी बाल्कनीत गेली, वाऱ्याचा एक झोत आला आणि कोको कठड्यापलीकडे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. तो गोल गोल फिरत खालच्या सायकलशेडच्या पत्र्यावर पडला. दोन मिनिटांत पाच कावळे जमले. वॉचमनकाकांनी शिडी लावून आपला रेनकोट त्याच्यावर टाकला म्हणून वाचला. लागलं फार नव्हतं, पण दोन दिवस त्याने शिट्टी वाजवली नाही.

नंतर विचार करताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बाल्कनीचं दार आम्ही उघडं ठेवत होतो ते त्याचा पंख छाटलेला होता म्हणूनच. ज्याला उडता येत नाही तो जाणार कुठे, हा आमचा हिशेब. वाऱ्याने त्याला नेलं होतं आणि परत येण्यापुरतं त्याच्याकडे काही नव्हतं.

पुढे पिसं गळायला लागली. केर काढताना कोपऱ्यात अर्धवट पिसं सापडायची, टोकाला कात्रीची सरळ रेघ असलेली. त्यांच्या जागी नवी आली, पूर्ण लांबीची. आणि मग तो पोळ्यांचा दिवस.

हिवाळाभर सगळं छान चाललं. पडद्याच्या दांडीवरून शोकेस, शोकेसवरून माझं डोकं. कॉकाटील एवढ्या शिट्ट्या मारतो हे मला माहीत नव्हतं. नोकिया फोनची धून आणि कुकरची शिट्टी त्याने कुठून तरी उचलली. कुकरच्या शिट्टीने माझी फार फसगत झाली. मग मार्च आला.

ठाण्यात मार्चमध्ये पंखा लावावाच लागतो. एका संध्याकाळी पंखा दोनवर होता, कोको पिंजऱ्यात आहे अशी प्रत्येकाची दुसऱ्याच्या भरवशावर खात्री होती. तो शोकेसवरून निघाला, टक् असा आवाज झाला आणि शेपटीचं एक लांब पीस गिरक्या घेत सासूबाईंच्या चहात पडलं. कोको पडद्याला लटकून धापा टाकत होता. पीस गेलं, बाकी काही नाही. एक वीत इकडे असता तर काय झालं असतं ते कोणी बोललं नाही.

रात्री जेवताना विषय निघाला. ‘छाटून टाका की,’ सासूबाई म्हणाल्या. ‘नखं नाही का काढत आपण? वाढतात परत.’ त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर, रक्तदाबाचा त्रास, उकाडा त्यांना सोसत नाही. लेक एकदम रडवेली झाली. नवऱ्याने नेहमीप्रमाणे दोघींना बरोबर ठरवलं. मी गप्प होते, कारण मला वाईचा राघू आठवत होता.

माझ्या आजोळी, वाईला, पडवीत पिंजरा टांगलेला असायचा. आजोबांचा राघू, आपला हिरवा, गळ्यात काळी-गुलाबी कंठी असलेला पोपट. कोणीतरी आंब्याच्या ढोलीतून पिल्लू काढून दिलेलं. भारतात हा पोपट पाळणं कायद्याने गुन्हा आहे, वन्यजीव संरक्षणाचा तो कायदा १९७२चा. पण मी सांगतेय त्या १९७९-८०च्या सुमाराला तो कायदा आमच्या पडवीपर्यंत पोचलेला नव्हता. गल्लीत तीन घरी राघू होते. घाटावर यात्रेत ज्योतिषी बसायचा, त्याचा पोपट दार उघडलं की चालत बाहेर यायचा, चोचीने पाकीट काढायचा आणि चालत आत जायचा. किती शिस्तीचा, असं मला वाटायचं. तो चालत का येतो हे मी कधी कोणाला विचारलं नाही.

आजोबा सहा महिन्यांनी एकदा राघूचे पंख कातरायचे. आजी त्याला पंच्यात धरायची, आजोबा शिवणाची मोठी कात्री घ्यायचे. राघू किंचाळायचा. मग आजोबा त्याला पेरूची फोड द्यायचे, आपल्या दातांनी बिया काढून. त्यांचं प्रेम खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. हिरवी पिसं मी भूगोलाच्या पुस्तकात ठेवायचे.

एका वर्षी आजोबा साताऱ्याला दवाखान्यात होते. दोन महिने कातरणं राहून गेलं. एका दुपारी आजीने पाणी बदलायला दार उघडलं आणि राघू भुर्रकन गेला तो मागच्या चिंचेवर. संध्याकाळी पोपटांचा थवा आला, सगळं झाड ओरडायला लागलं. आम्ही अंगणात माना वर करून उभे. थवा उठून गेला तेव्हा आजीने डोळ्यांना पदर लावला. ‘गेला बाई आपल्या माणसांत,’ म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो परसातल्या भिंतीवर बसून ‘आजी, चहा’ असं ओरडत होता. स्वतः आला. आजीने हात पुढे केला, तो हातावर चढला. तिने त्याला बशीत चहात बुडवलेली पोळी दिली. आणि त्याच दुपारी शेजारच्या काकूंना धरायला बोलावून तिने स्वतःच्या हाताने त्याचे पंख कातरले. ‘पुन्हा गेला तर यांना काय तोंड दाखवू?’

तिचं काही चुकलं असं तेव्हा कोणालाच वाटलं नाही, मलाही नाही. मी पिसं वेचली. पण जेवणाच्या टेबलाशी पंचेचाळीस वर्षांनी मला तीच दुपार आठवली. तो परत आला होता, हे तिच्या हिशेबात धरलंच गेलं नाही.

तरीही पुढच्या शनिवारी मी कोकोला बुटांच्या खोक्यात घालून पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे नेलं ते छाटायलाच. चहात पडलेलं पीस डोळ्यांसमोर होतं. आठवणींनी पंखा थांबत नाही.

डॉक्टरांनी त्याला छोट्या काट्यावर ठेवलं. ब्याण्णव ग्रॅम. मग नॅपकिनमध्ये धरून एक पंख हलकेच उलगडला. इतके महिने तो पंख मी रोज बघत होते, पण असा, पूर्ण, दिव्याखाली, कधीच बघितला नव्हता. टोकाकडची दहा लांब पिसं त्यांनी एकेक मोजून दाखवली. पुढे रेटण्याची सगळी ताकद त्यांत. छाटायची तर त्यांतली टोकाकडची पाच-सहा, आणि दोन्ही बाजूंची सारखी, म्हणजे पक्षी तरंगत खाली येतो. वाढ पूर्ण झालेलं पीस नखासारखं निर्जीव, कापताना दुखत नाही. त्या बाबतीत सासूबाईंचं बरोबर होतं. पण वाढत्या पिसाच्या नळीत रक्त असतं, ते कापलं की भळाभळा वाहतं. हे मात्र मला ठाऊक होतं. जानेवारीत रात्री दोन वाजता भिंतीवरच्या पालीला घाबरून कोको पिंजऱ्यात फडफडला होता आणि असंच एक पीस मोडून घेतलं होतं. पिंजराभर रक्ताचे शिंतोडे. स्वयंपाकघरातलं कॉर्नफ्लॉर दाबून मी दहा मिनिटं बसले होते.

‘कॉकाटील म्हणजे अवघड गिऱ्हाईक,’ डॉक्टर म्हणाले. हलका आणि उडायला तयार. कमी छाटलं तर वाऱ्यावर जातोच, जास्त छाटलं तर आपटतो. आफ्रिकन ग्रेसारखा जड पक्षी असेल तर दगडासारखा पडतो, छातीच्या हाडावरची कातडी फाटते. त्यांच्याकडे तसे पक्षी येतात. पंख्याने मारलेलेही येतात. उघड्या खिडकीतून गेलेले येत नाहीत, कारण ते सापडत नाहीत.

मी म्हटलं, ‘मग तुम्हीच सांगा काय करू.’

त्यांनी कात्री हातात घेतली नाही, बाजूलाही सारली नाही. विचारलं, ‘घरात सीलिंग फॅन किती? आणि हा दिवसभर कुठे असतो?’ मग सांगितलं की नीट ठेवला तर हा पंधरा-वीस वर्षं जगेल. पिसं दर वर्षी झडून नवी येणार. म्हणजे आज छाटलं की विषय मिटला असं नाही, दर वेळी पुन्हा इथे यायचं.

मला त्या क्षणी काही थोर सुचलं नाही. ‘पुढच्या आठवड्यात सांगते’ म्हणून मी खोकं उचललं. रिक्षात आकडेमोड करत बसले. पंखे तीन. एक सासूबाईंच्या खोलीत, तिथे कोको जात नाही. एक आमच्या बेडरूममध्ये, दार लावता येतं. उरला हॉलचा. एक पंखा. त्या एका पंख्यासाठी वीस वर्षं, दर पीसगळतीला, नॅपकिन आणि कात्री. पंख आणि पंखा यांत आपल्या भाषेत एका कान्याचाच काय तो फरक, हे मला घोडबंदर रोडच्या सिग्नलला सुचलं आणि मी एकटीच हसले. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं.

इलेक्ट्रिशियनने हॉलचा पंखा उतरवला आणि भिंतीला जाळीचे दोन बसवले. ‘पोपटासाठी?’ त्याने तीनदा विचारलं. छताला आता नुसता हूक आहे आणि येणारा प्रत्येक पाहुणा आधी वर बघतो. मे महिना वाईट गेला. भिंतीवरचा पंखा मान हलवतो, वारा आपल्याकडे येतो म्हणेपर्यंत शेजाऱ्याकडे जातो. सासूबाई दुपारी त्यांच्या खोलीतून बाहेर येईनात. ‘माणसांनी पोपटासाठी घामाघूम व्हायचं,’ हे वाक्य मी तो महिनाभर रोज ऐकलं आणि रोज ते मला थोडंसं पटलं. बाल्कनीला जाळी लागली. नॉनस्टिक तवाही गेला, कारण तो फार तापला की त्याच्या वाफेने पक्षी मरतात हे डॉक्टरांनी जाता जाता सांगितलं होतं. लेकीने त्याला बाजरीच्या कणसावर बोलावायला शिकवलं. शिट्टी मारून कणीस दाखवलं की दहातल्या सहा वेळा येतो. उरलेल्या चार वेळा आपण त्याच्याकडे जायचं.

माझ्या मावसबहिणीकडेही कॉकाटील आहे. दोन खोल्यांत सहा माणसं, दोन लहान मुलं, दार सतत उघडं. तिने दोन्ही बाजूंची पाच-पाच पिसं छाटून घेतली. मी तिला एका शब्दाने बोलले नाही. तिच्या घरात मीही तेच केलं असतं, आणि माझ्या घरातही, हूक एक नसून चार असते तर, कदाचित.

पावसाळा लागल्यावर सासूबाई परत हॉलमध्ये बसायला लागल्या. परवा मी आत होते, बेल वाजली. त्या उठल्या, पण दार उघडेनात. खोलीभर नजर फिरवत उभ्या. बाहेरून कुरिअरच्या मुलाचा आवाज आला, त्याला आता सवय झाली आहे.

‘आजी, पोपट कुठाय?’

‘थांब रे, शोधतेय. हं, पडद्यावर आहे. ये, पण पटकन.’